दाविद राजाकडे जाण्याआधीची वाटणी

हे लिहायचं मी रोज उद्यावर ढकलत आलो. आज दुपारी जॉर्जिया देशात जायचं विमान आहे, आणि यशोधराताईनं माझा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद केलाय. "जॉर्जियात गेल्याच वर्षी लढाई झाली. दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र दे, पासपोर्ट घे."

म्हणून मी, नंदन खोब्रागडे, राहणार बर्नाबी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली नसताना (ताई सोडून) लिहून ठेवतो की:

कलम १. सायकल रूममेट देवेशला. प्रेशर कुकरही त्यालाच, शिट्टीशिवाय. शिट्टी त्यानंच हरवली.

कलम २. विंटर जॅकेट वाल्मिकभाऊजींना. "पॉलिटेक्निक सोडलंस, आता मेलेल्या राजामागे लागलास," म्हणाले होते. पोट मावलं तर जॅकेट त्यांचं.

कलम ३. भाची अस्मिताला दाविद राजाची अख्खी गोष्ट. जॉर्जियाचा हा राजा नऊशे वर्षांपूर्वी, वयाच्या सोळाव्या वर्षी गादीवर आला, तेव्हा गावं ओस, माणसं डोंगरात लपलेली. त्यानं ती परत आणून वसवली! सेल्जुक सुलतानांना द्यायची खंडणी बंद केली! दिदगोरीच्या लढाईत त्यांची कितीतरी मोठी फौज पळवून लावली, पुढच्या वर्षी तिबिलिसी शहर घेतलं! आणि पठ्ठ्या मोहिमेवरही खेचरांवर पुस्तकं लादून न्यायचा. अस्मिता विचारते, "मामा, डिड द म्यूल्स गेट टू रीड?" तपासून कळवतो.

कलम ४. दाविदनं स्वतःला गेलातीच्या मठाच्या दारातच पुरायला सांगितलं, येणाऱ्या प्रत्येकाचा पाय आपल्यावर पडावा म्हणून. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी हात कपाळाला जातो! त्याच्या थडग्याचा तो दगड मला बघायचाच आहे. मी मेलो तर माझ्या नावाची फरशी इथल्या आपल्या लोकांच्या असोसिएशनच्या हॉलच्या दारात बसवा. बूट खुशाल पुसा.

कलम ५. उरलेलं सामान, ज्यांच्या ज्यांच्या घरी जेवलो त्या प्रत्येकाला एकेक. नावं पानामागे.

सही: नंदन खोब्रागडे
बर्नाबी, १७ ऑक्टोबर २००९

साक्षीदार: १. गुरदीप सिंग, घरमालक (पेन घेऊन उभे आहेत, "जल्दी कर, पुत्तर!")
२.

इथे घोटाळा झाला. देवेश सहीला बसला तर ताई म्हणाली, "ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं." मी तर उत्साहात घरमालक सोडून ओळखीच्या सगळ्यांनाच वाटून बसलो! ताईनं कपाटाची चावी जीन्सच्या खिशात टाकली.

ता.क. बेल वाजली. दारात माझा जुना मित्र प्रफुल्ल! "लोक ज्याच्यावर पाय देतात तो कसला राजा, पायपुसणं!" असं तो दाविदबद्दल म्हणाल्यापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो, म्हणून वाटणीत त्याला घेतलंच नाही. पावसात भिजलाय, हातात गाडीची किल्ली.

"एअरपोर्टला कोण सोडणार तुला, खेचर? आणि देवेशचा फोन आला, सगळ्यांना वाटलंस म्हणे. मला काय?"

"काहीच नाही! ये, आधी सही कर!"