नंदिनी प्रेक्षकांत

शनिवार, संध्याकाळ. अकोला

सांस्कृतिक भवनातल्या महिनाभराच्या कला महोत्सवात आज माझ्या विद्यार्थिनींचं कथक झालं. नंदिनी मात्र प्रेक्षकांत, सासूशेजारी. लहानपणापासून माझ्याकडे शिकली. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनेच बजावलं होतं, सासरी नाचाचं नाव काढायचं नाही. आज ती चेहरा कोरा ठेवून बसली होती, पण साडीखाली पाय ठेका धरत होते. कुणाला दिसले असतील का ते पाय? मला तर तेच दिसत राहिले.

बाहेर मला पाहून ती थबकली.

"वळखीच्या हायेत काय वं ह्या बाई?" सासूने विचारलं.

"नाही," नंदिनी म्हणाली.

मीही नाहीच म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"लय बेस नाचल्या तुमच्या पोरी," सासू मला म्हणाली. "आमच्या सुनेले यातलं काईच समजत नाई."

मी मान हलवली.