नळ खाली कधी येणार

ती. दादा,

तुम्हाला आणि वहिनींना वाकून नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. तुमची तब्येत विचारत नाही, कारण विचारली की तुम्ही चिडता, आणि चिडता येतंय म्हणजे ठणठणीत आहात असं मी धरून चालतो. मी बरा आहे. हे पत्र डोंगरातल्या एका गावातून लिहितो आहे. कोणत्या, हे सांगण्यातच सगळा घोळ आहे, तेव्हा क्रमाने सांगतो. मलाही कदाचित त्यामुळे कळेल.

आमच्या निवृत्तांच्या मंडळाने (अध्यक्ष दातांचे डॉक्टर, चिटणीस मी, बाकी सगळे सल्लागार) एका दुर्गम गावाला पिण्याचं स्वच्छ पाणी द्यायचं ठरवलं, हे तुम्हाला माहीत आहे. तिथल्या नर्सबाईंचं पत्र आलं होतं. विहिरीचं पाणी गढूळ, पोरं सारखी पोटाने आजारी. ते वाचून डॉक्टरांनी एका माणसाला तसंच आ वासून बसवून ठेवलं आणि मला फोन केला. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "आधी चार दिवस तिथे नुसता जाऊन बस, मग काय ते कर." मी म्हटलं, बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, मला गाव कळायला चार दिवस लागत नाहीत. (लागले नाहीतच. रस्ता संपला तिथे गाव होतं, पाटीवर नाव तेच होतं, आम्ही टेम्पो रिकामा केला.)

गावातले वडीलधारे म्हणजे एक म्हातारे गृहस्थ. त्यांना सगळे होयबा म्हणतात. तोंडावरही म्हणतात आणि ते 'हो' देतात. मी छापील प्रश्नावली काढली. पाणी गढूळ येतं का? हो. मुलं आजारी पडतात का? हो. बायकांना त्रास होतो का? फार. सतरा प्रश्नांना सतरा वेळा हो. इतका समंजस माणूस मी शिक्षक-पालक सभेत कधी पाहिला नाही. गावामागे एक झरा होता, तळातले खडे मोजता यावेत इतका नितळ. पण आमच्या माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की स्वच्छ दिसणारं पाणी स्वच्छ असेलच असं नाही, त्यामुळे मी त्या झऱ्याकडे संशयानेच पाहिलं. झऱ्यापासून पाइप, मग वाळू-कोळशाची गाळण टाकी, टाकीला चार नळ, पुढे सिमेंटचा ओटा, असा बेत होता.

कामाला माणसं मिळतील का ही मला धास्ती होती, तर रोज सकाळी पंधरा-वीस जण हजर. त्यांच्या पुढे एक पन्नाशीची बाई, तिला मुकादमीण म्हणत. दगड, वाळू, पाणी, सगळं तिच्या शब्दावर हलायचं. संध्याकाळ झाली की ही सगळी मंडळी डोंगर उतरून जायची. (मला वाटलं, शेतं खाली असतील. संध्याकाळी शेतात कोण जातं, हा प्रश्न मला आत्ता लिहिताना पडला.) ही मुकादमीण दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मास्तर, नळ खाली कधी येणार?" मी विचार केला, खरंच, लहान मुलांचा हात कसा पोचेल? गवंड्याला सांगून चारही नळ वीतभर खाली घेतले. चौथ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारलं. आणखी वीतभर घेतले. आठव्या दिवशी तिचा आवाज जरा कातर होता. म्हणाली, "नातवाला जुलाब थांबत नाहीत मास्तर, नळ खाली लवकर आणा." मला वाईट वाटलं, नातू फारच लहान दिसतोय. मी गवंड्याला पुन्हा बोलावलं. वर्गातला एखादा मुलगा नकाशात उत्तर दिशा खाली दाखवायचा तेव्हा मी जसा त्याच्याकडे पाहत असे, तसा गवंडी माझ्याकडे पाहत होता. नळ ओट्यापासून चार बोटांवर आले. त्यांच्याखाली हंडा सोडा, तांब्याही आडवा करावा लागत होता.

अकराव्या दिवशी उद्घाटन. डॉक्टर आले, बोलले, नळ सोडला. आधी थोडं मातकट पाणी आलं, कारण वाळू नवी होती. गावकऱ्यांनी ओंजळभर पिऊन माना डोलावल्या आणि घागरी घेऊन सगळे शिस्तीत झऱ्यावर गेले. तेवढ्यात नर्सबाई धापा टाकत वर आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मंडळी अजून खाली कशी आली नाहीत, म्हणून बघायला आले."

दादा, एकाच नावाची दोन गावं आहेत. एक वरचं, एक खालचं. पत्र खालच्या गावचं होतं.

मी होयबांना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही विचारलंत, पाणी खराब आहे का. खाली आहेच की. कुठलं, ते विचारलं नाहीत. आम्हाला वाटलं, पाणी वरून खाली जातं, म्हणून मास्तरांनी वरून सुरुवात केली." मुकादमीण ओट्याशी वाकून त्या चार बोटांवरच्या नळाकडे पाहत होती. मग सरळ झाली आणि म्हणाली, "चला, दाखवते."

दीड तास उतार. विहिरीतलं पाणी मी पाहिलं, त्याचा रंग सांगत नाही. तिच्या घरात नातू झोळीत होता, दहा महिन्यांचा, आणि रडत नव्हता. रडत नव्हता हेच मला सोसेना. सून चुलीवर त्याच्यासाठी पाणी उकळत होती. अकरा दिवस ही बाई याला घरी ठेवून माझ्यासाठी दगड उचलत होती, आणि मी नळ वीत-वीत खाली घेत होतो. तिने मला बसायला दिलं. कोणी एक शब्द लावून बोललं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन होयबांना विचारलं, तुमच्या झऱ्याचं पाणी खाली न्यायला परवानगी द्याल का? हो म्हणाले. मी तोच प्रश्न आणखी तीन तऱ्हांनी विचारला आणि गावाला जमवून सगळ्यांसमोर पुन्हा विचारला. गाव हो म्हणालं. ओटा मात्र ठेवा म्हणाले, बसायला चांगला आहे. नर्सबाईंच्या दवाखान्यामागे कुठल्याशा अर्धवट योजनेच्या काळ्या पाइपची भेंडोळी पडून होती, ती दोन्ही गावांनी मिळून उताराने अंथरली. टाकीही खाली आणली. नातवाला आता उकळलेलंच पाणी देतात, नर्सबाई रोज येतात, आणि काल तो रडला. एकूण सगळं सुरळीत आहे, काळजी नसावी.

तुमचा,
धाकटा

ता. क. सुरळीत म्हणजे, पाणी वरून सोडलं की खाली येईपर्यंत इतका जोर धरतं की पाइपचे सांधे निखळतात. तीनदा निखळले. चौथ्यांदा नळच उडून गेला, अजून सापडला नाही. मध्ये कुठेतरी टाकी बांधून पाण्याला दम खायला लावतात, असं तुम्ही एकदा जेवताना सांगत होतात. मी तेव्हा नीट ऐकलं नाही. पाणीखात्यात तुमचे हात पस्तीस वर्षं याच कामात होते, तेव्हा मोठा पाना घेऊन या.

ता. क. २. तुम्ही येणार असं मी इथे सांगून टाकलं आहे. विचारायला हवं होतं.

ता. क. ३. हे पत्र जिने तुमच्या हातात दिलं, तीच मुकादमीण. ती दारात उभी असेल, तिला आत घ्या आणि वहिनींना सांगून जेवू घाला, पहाटेपासून चालते आहे. तुम्हाला घेतल्याशिवाय परत येणार नाही असं म्हणाली आहे. दादा, ती बोलते त्याचा अर्थ तेवढाच असतो.