वाळल्या माळावरचं हिरवं गवत

प्रिय आई,
तुझ्या भटक्याचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण पोटभर मिळतं. इथे स्नायपर व्हायचं तर बंदुकीआधी सुई हातात येते. लपण्यासाठी अंगरख्यावर गवत शिवायचं! टाके तूच शिकवलेस, म्हणून सगळे माझ्याकडेच येतात. बाबांचा खोकला कसा आहे गं? हां, तर काल परीक्षेत मी हिरवंगार गवत शिवून वाळल्या माळावर लपलो. उस्ताद लांबूनच ओरडले, "ऊठ रे, नाहीतर बकऱ्या खातील तुला!"

पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे. पास झालो तर आघाडीवर जाईन, नापास झालो तर घरी येईन. तुला मनातून काय हवंय, ते कळतं मला. तरी एकदा "पास हो" म्हण ना.

तुझाच,
पायाला भिंगरी लागलेला