पाण्याच्या बाजूने

सोमवार, ता. ३

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. सर्व म्हणजे मी एकटीच, पण पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. चार वर्षांत एक ओळ नाही आणि आज ही कुठून उगवली, असं म्हणशील. म्हण बापडी. आई गेल्यावर तू मला जे बोललीस त्यावर मी रुसले होते. रुसवा कधी संपला ते आता आठवत नाही, पण सवय मात्र राहून गेली.

मी निवृत्त होऊन आपल्या गावी परत आले. सरकारी हॉस्पिटलांच्या टेलिफोन बोर्डावर तीस वर्षं "थांबा, जोडून देते" म्हणण्यात गेली. आता दर रविवारी सकाळी कालव्याच्या काठाने लोकांना फिरायला नेते. आपला जुना कालवाच, दुसरा कुठला! नऊ जण आहोत. सगळ्यात लहान मी, अठ्ठावन्नची, यावरून काय ते समज. शिंपीकाकांनी आमचं नाव ठेवलंय गोगलगाय मंडळ. नियम दोनच. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पुढे कुणी जायचं नाही, आणि मी नेणारी म्हणून पाण्याच्या बाजूने मी चालायचं. हा दुसरा नियम कुणाचा, ते तुला सांगायला नको. शाळेत जाताना तू मला कधी पाण्याकडून चालू दिलंस का? "टिटवे, भिंतीकडून चल," म्हणायचीस आणि दंडाला धरून ओढायचीस. दंड लाल व्हायचा माझा.

दगडी पुलापासून निघतो. नावा ओढणाऱ्या घोड्यांच्या दोरांनी पुलाच्या कोपऱ्यावर पडलेल्या खाचा अजून आहेत. प्रत्येक जण जाताना त्यांत बोट घालून बघतो, दर रविवारी, जणू गेल्या रविवारी पाहिल्याच नव्हत्या. मग कालव्याची मोठी लाकडी दारं आणि राखणदाराची खोली. दारं उघडणं, काठ सांभाळणं, निखळलेले दगड बसवणं हे त्याचं काम. तिथून नदीपर्यंत लव्हाळ्यांच्या कडेने अर्धा तास. नदीवर बाक आहे, तिथे थर्मासमधला चहा, आणि परतताना नदीकाठची रुंद वाट. एवढंच. कुणाला दम लागत नाही, कुणी मागे राहत नाही.

गेल्या रविवारी जरा गडबड झाली. फार काही नाही. दारांच्या पुढे काठाचा एक दगड हलला आणि आमच्या मुख्याध्यापकबाई पाण्यात गेल्या. चौऱ्याहत्तर वय. पाणी कमरेएवढंच होतं, शिंपीकाकांनी आणि मी ओढून काढलं. मनगट मोडलं, प्लास्टर आहे. दगडच हलला, त्याला कोण काय करणार? जुना काठ आहे, दगड हलायचेच.

तू कशी आहेस? गुडघे काय म्हणतात? आणि हो, सहज विचारते, डोळे कधी दाखवलेस?

तुझी,
टिटवी

*

शनिवार, ता. १५

प्रिय ताई,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांनी आलं आणि त्यावर दोनच वाक्यं. "दगड राहू दे. तू कुठल्या बाजूने चालत होतीस?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही! वाचलं आणि कार्ड उचलून साखरेच्या डब्याखाली ठेवलं. तीन दिवस बिनसाखरेचा चहा प्यायले, पण डबा हलवला नाही.

आता सांगते. मधे थांबले तर पुन्हा बसणार नाही, म्हणून एका दमात सांगते.

मी भिंतीकडून चालत होते. बाई पाण्याकडून.

बाईंना मीच तिकडे केलं. "आज तुम्ही इकडून चला, इकडे सावली आहे," म्हटलं. सावली दोन्हीकडे होती. जाताना पाणी डाव्या हाताला येतं, आणि ताई, डाव्या बाजूचं मला दिसत नाही. समोरचं दिसतं, अगदी स्वच्छ, सुईत दोरा ओवते मी. पण बाजूचं गेलंय. काठ कुठे संपतो ते कळेना, म्हणून गेले कित्येक रविवार पाय चाचपत टाकत होते आणि तोंडाने अखंड बडबडत होते, कुणाला कळू नये म्हणून. त्या दिवशी धीरच सुटला आणि बाजू बदलली. पुढे दहा पावलांवर लव्हाळ्यातून खंड्या उडाला, निळा जर्द. मी म्हटलं, "अहो, तो बघा!" आणि हात फेकला डावीकडे. हात कशाला तरी लागला. मऊ. मग पाण्याचा आवाज.

माझ्या हातानेच गेल्या त्या. आणि त्यांना ओढून काढल्यावर, अंगावरून पाणी निथळत असताना, कुणी काही विचारायच्या आत मीच ओरडले, "दगड हलला! मी बघितला!"

सगळ्यांना पटलं. बाईंनासुद्धा. त्या खाली बघत पाय जपून टाकत होत्या, कळलंच नाही त्यांना. माझ्यावर कोण संशय घेणार? मी तर मंडळाची टिटवी, धोका दिसला की पहिली ओरडणारी.

फेब्रुवारीत डॉक्टरांकडे गेले होते. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. एका यंत्रात तोंड घालून बसवतात, दिवा दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बसले आणि शेवटी म्हटलं, "अहो, तुमचं यंत्र बिघडलंय वाटतं, दिवे लागतच नाहीत." मला तिथेच आई आठवली. "स्टूल कुणी ठेवलं मधे?" वीस वर्षं स्टूल तिथेच होतं ना ग? आणि आपण दोघी हसायचो. मग कामवालीवर आळ, ती वस्तू हलवते म्हणून. तिला काढूनसुद्धा टाकलं आईने. पुढे आईची नजर पार गेली, तिचं सगळंच तुझ्यावर पडलं आणि मी लांबच्या बदलीचं निमित्त करून पळाले. बदली मी मागून घेतली होती. तू मला जे बोललीस ते खरं होतं, एवढं आज लिहून टाकते.

तर दगड. शिंपीकाकांना भारी संताप आला. त्यांनी कालवा कार्यालयात तक्रार लिहिली, राखणदार कामचुकार आहे, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जिवाशी खेळ चाललाय. सगळ्यांच्या सह्या. पहिली सही माझी, कारण बघितलं म्हणणारी मीच. तो दगड राखणदाराने याच उन्हाळ्यात चुन्यात नव्याने बसवलाय. म्हणजे दोष सरळ त्याचा. येत्या गुरुवारी सुनावणी आहे. कार्यालयातले साहेब म्हणे त्याला काढायच्याच विचारात आहेत. सव्वीस वर्षं तो त्या दारांपाशी राहतोय. नोकरी गेली की खोलीही गेली. बायको आहे, तिचे पाय सुजलेले असतात.

परवा तो माझ्याकडे आला होता. आत ये म्हटलं तर आला नाही, उंबऱ्यापाशीच उभा राहिला. म्हणाला, "बाई, मी त्या दगडावर चढून उड्या मारून बघितल्या. हलत नाही. तुम्ही स्वतः बघितलात ना हलताना?"

मी म्हटलं, "हो."

"नीट बघितलात?"

"हो म्हटलं ना!" आवाज चढवला मी त्याच्यावर.

"मग असेल," म्हणाला आणि टोपी घालून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

काय करू सांग. बोलले तर मंडळ संपलं. आंधळीच्या मागे कोण चालेल? बाई तोंड बघायच्या नाहीत माझं. मग मी आणि या दोन खोल्या, आणि "स्टूल कुणी ठेवलं?" म्हणायला समोर कुणी नाही. नाही बोलले तर तो जाईल. एकदा वाटतं, त्याला कुठेतरी दुसरं काम मिळेल. मग वाटतं, साठीला आलेल्या माणसाला कोण देतंय काम? असं दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे. खिडकीतून कालवा दिसतो, म्हणून पडदा ओढून घेतलाय.

उलट टपाली लिही. रागावून लिही, पण लिही. गुरुवारच्या आत उत्तर येणार नाही, हे मला कळतंय.

टिटवी

*

शुक्रवार, ता. २१

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलेलं नाही. एका परीने बरंच झालं, नाहीतर तू सांगितलंस म्हणून बोलले असं झालं असतं.

काल सुनावणी झाली. कालवा कार्यालयाची लांबट खोली, भिंतीला जुने नकाशे, टेबलामागे साहेब. मंडळ एका बाजूला. राखणदार मागे दाराशी उभा, टोपी हातात. त्याला कुणी बस म्हटलं नाही. बाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेल्या. साहेबांनी तक्रार वाचली, सह्या वाचल्या आणि मला पुढे बोलावलं. मी उठले, दोन पावलं टाकली आणि डावीकडच्या खुर्चीवर अशी आदळले की खुर्ची पालथी. शिंपीकाका धावले. "अहो, ही खुर्ची मधे कुणी ठेवली?"

मी म्हटलं, "कुणी नाही ठेवली. ती तिथेच होती. मला दिसली नाही."

लोक जरा हसले. मी हसले नाही. तिथेच, गुडघा चोळत, सगळं सांगितलं. डोळे, सावली, खंड्या, हात. दगड हलला नव्हता, हे तीनदा सांगितलं.

साहेबांनी पेन ठेवलं. मग बाई उठल्या. मला वाटलं होतं, शाळेतल्यासारखा आवाज चढवतील. तशा नाही बोलल्या. म्हणाल्या, "मला वाटलं माझाच तोल गेला. मी कुणाला बोलले नाही, पण तीन आठवडे न्हाणीघरात जातानासुद्धा भिंत धरते आहे. रात्री पाय कापतात. आता आपले दिवस संपले, असं धरून चालले होते मी." आणि मग, "तुम्ही मला ढकललंत त्याचं काही नाही हो. मला भित्री करून ठेवलंत." एवढं म्हणून त्या निघून गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

राखणदाराला बाहेर गाठलं. पाया पडायला वाकले तर मागे सरकला. म्हणाला, "राहू द्या. पण बाई, दगड आता नाही तिथे."

मला कळेना.

"तुम्ही हो म्हणालात ना, नीट बघितलं म्हणून. मलाच शंका आली. म्हटलं, खालून चुना सुटला असेल. मंगळवारी पहार लावली. येईचना. दोन माणसं आणखी बोलावली. शेवटी दुभंगला तेव्हा तुकड्यांनी निघाला, अखंड सुटला नाही. पक्का होता." मग टोपी घातली. "दुसरा घडवायला टाकलाय. या महिन्यात बसेल."

नोकरी राहिली त्याची. साहेबांनी तसं लिहून दिलं. पण मला तो दुभंगलेला दगड डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या एका 'हो'साठी चांगला बसवलेला दगड त्याने आपल्या हाताने फोडला.

मंडळ संपलं नाही. शिंपीकाका पुढे चालणार आहेत. मला काल संध्याकाळी दारात येऊन सांगून गेले, "रविवारी सातला. उशीर केलात तर गोगलगायी थांबणार नाहीत." मी मान हलवली. बाई येणार नाहीत. त्यांच्याकडे मी रोज जाणार आहे, दार उघडेपर्यंत. उघडतीलच असं नाही.

आता जे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ते. मी तुला पत्र का लिहायला घेतलं, ते या तीन आठवड्यांत एकदाही सांगितलं नाही. फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले होते, हे घराण्यात चालतं, सख्ख्या बहिणीला ताबडतोब तपासून घ्यायला सांगा. लवकर कळलं तर थेंबांनी थांबतं, गेलेलं परत येत नाही. ताबडतोब म्हणाले होते, ताई. आठ महिने झाले. आधी रुसवा होता. मग वाटलं, तुला सांगितलं की ते माझंही खरं होईल. मग "सहज विचारते" म्हणून एक ओळ खरडली आणि सांगितल्याचं समाधान करून घेतलं. तुझं त्यात काही गेलं असेल तर तो दगडही मीच फोडला.

हे पत्र वाचून झालं की राग नंतर. आधी पिशवी घे आणि डॉक्टरकडे जा. यंत्रात दिवे दिसले नाहीत तर यंत्राला नावं ठेवू नकोस.

मग ये. तुझे डोळे चांगले असले तर कालव्यावर जाऊ, आणि पाण्याकडून तू चाल. चांगले नसले तरी ये. नदीकाठची वाट रुंद आहे, तिथे दोघींना पुरेल. पाहिजे तितकं बोल मला, मी या वेळी बदली मागणार नाही. पण दंड धरून ओढ. लाल झाला तरी चालेल.

भिंतीकडून चालणारी,
तुझी टिटवी