पाय टेकण्यापुरतं हिरवं

१९ नोव्हेंबर
हे आज पुन्हा पडले. अंगणातल्या लॉनवरच. लकव्यानंतर डावा पाय ओढत चालतात, अंगठा गवतात अडकला. लागलं नाही, पण असे चिडले की काठी भिरकावली. त्या पायाला अजून काही कळत नाही. फिजिओ मॅडम म्हणतात, रोज वेगवेगळ्या गोष्टींवर अनवाणी टेकवा. पोतं, वाळू, गवत. सुरुवातीचे महिने वाया घालवू नका.
हे म्हणाले, "गवत नको. तूच चाल त्यावर."

२३ नोव्हें.
सात रस्त्याकडच्या नर्सरीत. म्हटलं, बसकं, मऊ, पाय अडकणार नाही असं काहीतरी द्या. त्यानं ट्रे पुढं केला. मला शेवाळच वाटलं.
"शेवाळ न्हाय ताई, झाड हाय. आयरिश मॉस. बारमाही हिरवं."
बोटभरही उंची नाही. हात ठेवला तर गार. सोलापुरात टिकेल? "थंडीत टिकतंय की. उन्हाळ्याचं मी काय सांगत न्हाय." निदान खरं बोलला. होता तेवढा माल उचलला.

२४ नोव्हें.
सगळं लॉन खणून काढलं. काळी माती पाणी धरून बसते म्हणून उपसली, वाळू नि शेणखत भरलं. सतरंजीएवढी जागा, लिंबाच्या सावलीत. कंबर गेली.
घरात सगळ्यांना बजावलं. मूळ धरेपर्यंत तिथं कुणीही पाय ठेवायचा नाही. अत्ती लेकाच्या उशाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "व्हय गं, कळलं." सासूबाईंनी एवढ्या पटकन ऐकलं याचंच नवल.

११ डिसें.
धरलं! तुकडे एकमेकांना भिडायला लागलेत. पण पाय तसाच. मॅडमची परीक्षा: ह्यांच्या डोळ्यांवर रुमाल, पाय कधी फरशीवर, कधी पोत्यावर, आणि विचारायचं, काय आहे? आज जवळजवळ सगळं चुकलं. एकदा बरोबर आलं तर हेच म्हणाले, "अंदाजानं सांगितलं मी."
बाथरूममध्ये जाऊन रडले. मग स्वयंपाक.

२६ डिसें.
मधोमध पिवळं पडलंय. वर पांढरट थर. बोअरचं पाणी खारं, दुसरं काय? आता फक्त नळाचं घालायचं. नळाला पाणी येईल तेव्हा पिंप भरून ठेवायचं. दिरांनी त्यातलं गाडी धुवायला घेतलं, त्यावरून चांगलंच वाजलं.

४ जाने.
पिंपाचं पाणी घालूनही थर आहेच. पिवळा डाग आता ताटाएवढा. मातीत चूक झाली का? उन्हं चढायच्या आत झाड सावरलं पाहिजे, नाहीतर संपलंच. आणि मॅडम परवा म्हणाल्या, "अजून काहीच नाही?" त्या ‘काहीच’नं जीव टांगणीला लागलाय.

१८ जाने.
सिद्धेश्वराची यात्रा झाली. अत्ती अक्कलकोटला लेकीकडे गेल्या. घर शांत.

२८ जाने.
पांढरं गेलं! डागात हिरवे ठिपके. मी काही वेगळं केलेलं नाही. हे खिडकीतून बघत होते. "माझ्या आधी त्याला बरं वाटाय लागलं बघ." किती दिवसांनी थट्टा केली. अजून थोडं भरू दे, मग पाय टेकवू.

२ फेब्रु.
अत्ती आल्या. सोबत धपाटे नि नणंदेच्या तक्रारी.

६ फेब्रु.
सापडलं.
सकाळी कपडे वाळत घालायला गेले तर अत्ती वाकून उभ्या. लिंगपूजेचं पाणी, त्यात दूध, विभूती, सगळं कालवलेलं. अख्खा तांब्या माझ्या झाडावर. वर हात जोडले. म्हणजे क्षार कसला, ती विभूती. दीड महिना नळाला कान लावून बसले होते मी.
तळपायाची आग मस्तकात गेली. तरी बोलले नाही. हे झोपले होते.

८ फेब्रु.
आज बोलले. नको तेवढं बोलले. "तुमच्या तीर्थानं माझं झाड मरतंय" इथपर्यंत.
अत्ती म्हणाल्या, "तूच सांगितलीस की, हितं कुणी पाय ठिवायचा न्हाय म्हणून. लिंगावरचं पाणी पायदळी जाऊ नये. सगळ्या अंगणात फरशी, गाड्या, चपला. तेवढीच जागा शुद्ध. त्याच्याच पायासाठी मागत हुते मी रोज."
तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, अत्ती, ते त्यांनी पाय ठेवण्यासाठीच लावलंय.
त्या खाली बसल्या. "आता कसा ठेवंल? एवढं तीर्थ जिरलंय तितं. आधीच पाय गेलाय त्याचा."
हे आतून ओरडले, जीभ अजून जड आहे, पण कळलं. "दोघींनी माझा पाय वाटून घेतला काय?"

१६ फेब्रु.
अबोला. अत्ती तिथं ओतत नाहीत, पण त्या बाजूला मला जाऊही देत नाहीत, नजरेनंच. पाणी घालताना मी चोरासारखी. मातीसकट दुसरीकडे हलवू म्हटलं, तर म्हणाल्या, "माती तीच न्हाय का?" ह्यांना विचारलं. म्हणाले, "आईला दुखवून मला चालायचं न्हाय." मग माझं काय? मला दुखवून चालतं वाटतं?

२७ फेब्रु.
ऊन भाजतंय. वर जुनी साडी बांधली. कडा तांबूस झाल्या. मॅडम म्हणाल्या, जे करायचं ते आताच. अत्तींच्या खोलीच्या दारापर्यंत गेले नि परत आले. त्या जप करत होत्या, मध्ये ह्यांचं नाव ऐकू आलं.

९ मार्च
सकाळी साडी सोडत होते. मागं काठीचा आवाज. हे एकटेच बाहेर आले होते, अनवाणी. अत्ती तांब्या घेऊन दारात, त्या जागच्या हलल्या नाहीत. मीही नाही.
ह्यांनी डावा पाय हातानं उचलला नि मधल्या हिरव्यावर ठेवला. बराच वेळ उभे. मग आईकडे बघून म्हणाले, "गार लागतंय गं."
अत्तींच्या डोळ्यांतून धारा. तांब्या तसाच आत नेला, पाणी कुठं ओतलं माहीत नाही. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या, महिन्यानं.
ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पायाकडंच बघत होते. डोळे उघडे होते सगळा वेळ. माझ्या खांद्यावर टॉवेल होता. डोळ्यांवर बांधून, पाय फरशीवर ठेवून पुन्हा विचारायचं, एवढंच करायचं होतं.
नाही विचारलं.