बाईमाणसाचं प्रस्थान

आत्याबाई, तुमच्या नातवाची पोरगी नोकरीला लागली. नातू म्हणजे माझाच लेक, पण तुम्ही त्याला कधी माझा म्हणू दिला नाही, म्हणून तुमचाच लिहिते. तुम्ही गेलात तेव्हा ही पोरगी जन्मलीही नव्हती, तेव्हा आता नीट ऐका. ती इंजिनेर झाली आहे. इंजिनेर म्हणजे मळ्यातलं इंजिन चालवणारा नव्हे, मलाही आधी तसंच वाटलं होतं. आपल्या विहिरीवर मोट जाऊन इंजिन आलं, तेव्हा तुम्ही त्याला हळदकुंकू वाहिलं आणि लगेच वर म्हणालात, "याच्या धुरानं वांग्याले वास येईन," आणि कितीतरी दिवस मळ्यातली भाजी तोंडात घातली नाही. तर तसलं यंत्र मुळात घडवायचं कसं, चाक कुठं बसवायचं, ते झिजतं काऊन, हे ज्यात शिकवतात ते मेकॅनिकल. अमरावतीला राहून शिकली. वर्गात सगळी पोरं आणि ही एकटी. आणि नोकरी लागली ती पुण्याला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. हा शब्द मी तिच्याकडून पाटीवर लिहून घेतला आणि गिरवला, म्हणून आत्ता लिहिता आला. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले होते, त्याची तुम्ही चारचौघींत ऐट मिरवायच्या, "आमची सून शिकेल हाय बापा, तिले पोथी वाचाले सांगा," आणि पोथी उघडली की वरणात मीठ नाही म्हणून उठवायच्या. तरी अक्षर राहिलं बघा हातात.

पास होऊन आली आणि घरीच बसली की हो. कारखान्यांकडे अर्ज धाडले. एकानं कळवलं, आमच्याकडे मुलींची सोय नाही. दुसऱ्यानं कळवलं, रात्रपाळी असते. बाकीच्यांनी काहीच कळवलं नाही. मग ती बापासंगं पहाटे भाजी तोडायला जाऊ लागली, बाजाराच्या दिवशी टोपल्या एस.टी.च्या टपावर चढवू लागली. गल्लीतल्या बायांना विषय मिळाला. एक जण मला ओट्यावरून म्हणते कशी, "काकी, एवढं अमरावतीले ठेवलं, अन् पोरगी शेवटी वांगेच तोडून राह्यली ना." मी म्हटलं, "हो, पण तिच्या हाताचं वांगं कोन्या यंत्रानं तोडता येईन ते तिले माहीत हाय, तुले नाही." बोलून तर गेले, पण रात्री डोळा लागेना. त्यातच जळगाव जामोदचं एक स्थळ आलं. माणसं चांगली, बागायत चांगली, पण म्हणाले, शिकली ते ठीक, नोकरीचं नाव काढायचं नाही. माझा लेक हो-नाही करत होता. खरं तर होकाराच्या बाजूनं झुकला होता. बाप आहे, घाबरतो.

अशात एका गुरुवारी दुपारी पुण्याचं पत्र आलं. सोमवारी सकाळी मुलाखतीला या. पोरगी नुसती उभी राहिली हातात कागद धरून, आणि तुमच्या नातवानं आधी काय पाहिलं असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर. शनिवारी मेहकरहून गाडी धरली तर औरंगाबादवरून रविवारी पुण्यात, मैत्रिणीच्या मावशीकडे मुक्काम, सोमवारी मुलाखत. शनिवारी अमावस्या. तो खालीच बसला. "माय, शनिवार अन् वरून अवस. आजीनं सांगतलेलं हाय, अवसेले लेकीबाळी घराबाहेर काढाच्या नाही." शुक्रवारी निघावं तर शुक्रवारी घरची लेक बाहेर पाठवली की लक्ष्मी जाते, हेही तुमचंच. रविवारी निघाली तर पोचतच नाही. म्हणजे तुम्ही जाऊन इतका काळ लोटला आणि तुम्ही दारात आडव्या बसलेल्याच होत्या.

पोरगी म्हणाली, "बाबा, मी अमरावतीले किती वेळा अवसेची गेली असन, तुम्हाले माहीतही नाही." ते ऐकून तर तो जास्तच बिथरला. "तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत हाय. माहीत असून कसं धाडू?" आणि म्हणाला, कळवून टाकू, पुढची तारीख द्या. मी चुलीपुढं भाकर थापत होते. माझा हात थांबला. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, याच स्वयंपाकघरात, तुमच्या तोंडून.

माझ्या माहेराहून, बीबीहून, भावानं गडी पाठवला होता. माय अंथरुणावर आहे, लेकीचं तोंड पाहायचं म्हणते. दमणीला बैल जुंपलेले. मी लुगड्याची घडी बगलेत घेऊन उभी, आणि तुम्ही डाळ निवडताना वर न बघता म्हणालात, "उद्या अवस हाय. परवा जा." मी सासरी आल्यापासून तुमच्यापुढं तोंड उघडलं नव्हतं, त्या दिवशी उघडलं. मामंजींना जमिनीच्या तारखेला कोर्टात जायचं असलं आणि वार वाईट असला, तर तुम्ही चांगल्या दिवशी त्यांचं उपरणं, त्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायच्या. प्रस्थान ठेवलं म्हणायच्या. म्हणजे माणूस निघाला असं धरायचं, मग खरा पाय कोणत्या का दिवशी उचलेना, दोष नाही. जाताना शेजारून ते गाठोडं घ्यायचं आणि पुढं चालायचं. मी म्हटलं, "आत्याबाई, आज दिवस चांगला हाय, माह्यं लुगडं ठेवा ना शेजारी. माह्यं प्रस्थान ठेवा." तुम्ही पहिल्यांदा वर पाहिलंत आणि हसलात. "बाईमाणसाचं कुठलं आलं प्रस्थान? ते काय कोर्टात चालली हाय?" मी परवाच्या दिवशी गेले. पोचले तेव्हा मायला नेऊन अंगण सारवून झालं होतं. ओलं होतं अजून. मी त्या ओल्या अंगणाच्या कडेकडेनं आत गेले, पाय उमटू नयेत म्हणून. कुणासाठी जपत होते ते अंगण, काय माहीत.

परत आले तर माझ्या गोधडीवर नवं कोरं इरकली लुगडं ठेवलेलं. तुम्हीच ठेवलं होतं, त्या घरात दुसरं कोण ठेवणार. ते मी कधी नेसले नाही, हे तुमच्या ध्यानात आलं होतं की नाही देव जाणे. तुमच्या या नातवाच्या वेळेला त्याची दुपटी केली. चांगलं मऊ होतं.

असो. तर त्या गुरुवारी मी भाकर तव्यावर टाकली, हात धुतले आणि लेकाला म्हटलं, "आज गुरुवार हाय ना? चांगला वार. पोरीचं प्रस्थान ठेवते." तो माझ्याकडं बघतच राहिला. "माय, आजी म्हणे, बाईमाणसाचं प्रस्थान नसते." मी म्हटलं, "तिले विचारलं मी." "कधी?" "आत्ताच. फोटोपुढं उभं राहून." "काय म्हणे मंग?" मी म्हटलं, "काहीच नाही म्हणे. नाही म्हणाचं असतं तर ऐकू आलं असतं. तिचा आवाज तुले माहीत नाही का?" पोरगी तोंडाला पदर लावून आत पळाली. लेकाला हसावं की रागवावं ते कळेना. आत्याबाई, तुमचा फोटो जत्रेत काढलेला, त्यात तुम्ही ओठ घट्ट मिटलेले, त्याला मी काय करू. मी त्या मिटलेल्या ओठांचा हो असा अर्थ घेतला. तुम्ही माझ्या गप्प राहण्याचा किती वर्षं घेतलात.

पोरीला म्हटलं, तुझ्या कामाची एक वस्तू दे. मला वाटलं ओढणी देईल, रुमाल देईल. तिनं पेटीतून लोखंडी पाना काढून दिला, नट खोलायचा. कॉलेजात असताना स्वतःच्या पैशानं घेतलेला. मी तो सुपारी-तांदळासंगं फडक्यात बांधला आणि शेजारी घेऊन गेले. शेजारीण म्हणजे तीच, वांगेवाली. तिनं गाठोडं हातात तोलून पाहिलं. "काकी, हे काय ठेवलं जड?" "पाना." "प्रस्थानात लोखंड चालते का?" मी म्हटलं, "आजपासून चालते. देव्हाऱ्यापाशी ठेव, अन् पोरं हात लावतीन तर पाहाजो." ठेवलं तिनं. वर शनिवारी पहाटे दार उघडून तीच उभी, एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या हातात पोरीला दही-साखर. लेक मेहकरपर्यंत पोचवायला गेला. जाताना माझ्याकडं पाहिलं नाही त्यानं, पण पोरीची पिशवी त्याच्याच खांद्यावर होती.

आता मुलाखतीचं सांगते, तिनं मला सांगितलं तसं. हे मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. समोर तीन साहेब. एक म्हणाला, आमचं काम कॉम्प्युटरचं, तुमचं शिक्षण चाकापट्ट्याचं, तुम्ही वाट चुकलात काय. ही म्हणाली, तुमचं यंत्र गणित विजेवर करते हे मान्य, पण केलेलं गणित कागदावर छापून देते ना, तो कागद कोण ओढते? साहेब उठला आणि हिला आत घेऊन गेला. आत्याबाई, त्या खोलीच्या दाराशी चपला काढायला लावतात. धूळ चालत नाही, विडी चालत नाही, डबा चालत नाही, भलत्या माणसाला आत पाऊल नाही. तुमच्या चुलीपाशी नव्हतं एवढं कडक. आणि आत कुडकुडायला होईल असा गारवा, यंत्राला ऊन सोसत नाही म्हणून. कपाटंच कपाटं, त्यावर फिरत्या चकत्या, आणि एका कडेला तो छापणारा भाग. त्याच्या बारक्या हातोड्या एकदम पडतात, पत्र्यावर गारा पडल्यासारख्या. तो कागद एका अंगाला ओढून फाडत होता. साहेब म्हणाला, सांगा काय झालं. हिनं पदर खोचला, वाकून पाहिलं, हातानं कागद पुढंमागं केला, आणि म्हणाली, दोन्ही बाजूंची ओढ सारखी नाही असं वाटते, पण खोलून पाहिल्याशिवाय सांगणार नाही. मला वाटलं, झालं, घालवली नोकरी, काहीतरी ठोकून द्यायचं होतं. पण साहेबाला तेच आवडलं म्हणे. आपला पाना मात्र पिशवीतच राहिला. तिथले स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढे.

मग तिसऱ्या साहेबानं विचारलं, लग्न झालं की सोडून जाल ना. ही मला म्हणते, "आजी, मी म्हटलं, साहेब, तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही काय सोडलं?" मी म्हटलं, "खरंच म्हटलं?" "नाही वं, मनातल्या मनात. तोंडानं म्हटलं, नाही सोडत." मी म्हटलं, बाई, मनातलं जपून ठेव, नोकरी पक्की झाली की म्हण.

पक्की झाली. पत्र आलं तेव्हा लेकानं ते एस.टी. स्टँडावर मोठ्यानं वाचून दाखवलं, ज्यांनी विचारलं त्यांना आणि ज्यांनी नाही विचारलं त्यांनाही. जळगाव जामोदला कळवून टाकलं, पोरगी नोकरी करणार आहे, चालत असलं तर या. अजून तरी आले नाहीत. घरी येऊन तुमच्या फोटोपुढं पेढा ठेवला आणि म्हणाला, "सगळा आजीचा आशीर्वाद." मी म्हटलं, "आशीर्वाद तिचा असन, प्रस्थान माह्यं हाय." तो म्हणाला, "बरं माय, तुह्यं." एवढं त्याच्या तोंडून ऐकायला मला म्हातारी व्हावं लागलं.

आणि आणखी एक. परवा पलीकडच्या गल्लीतली सून आली. बाप आजारी, माहेरी जायचं, सासू वार दाखवते. पदराआडून लुगड्याची घडी काढली आणि म्हणते, "काकी, माह्यं ठेवता का?" ठेवलं मी, मधल्या घरातल्या कोनाड्यात, तुमची तपकिरीची डबी असायची तिथं. सासू तणतणत आली होती. तिला म्हटलं, आमच्या आत्याबाईच्या काळापासून चालत आलं हे. तुमच्या नावावर मी हे खपवलं, आणि पुढंही खपवणार आहे. तुम्हाला पटलं नसेल तर या आणि सांगा.

हा कागद टाकायचा कुठं, हा प्रश्नच आहे. पोस्टमनाला दिला तर गावभर करेल. पोथीत ठेवावा तर लेकाच्या हाती लागेल. पाणी तापवताना चुलीत सरकवीन एखाद दिवशी, पण आधी एकदा मोठ्यानं वाचीन, घरात कोणी नसताना. मी तुमच्यावर रुसून हे लिहिलं नाही. रुसायचं होतं तेव्हा तुमच्यापुढं रुसायची सोय नव्हती, आणि आता माझं मन खुशीत आहे. पोरीला खोली मिळाली. आजी ये, म्हणते, दाराबाहेरून काचेतून का होईना, यंत्र दाखवते. पुढच्या महिन्यात मी जाणार पुण्याला. लेक म्हणाला, माय, दिवस पाहू का. मी म्हटलं, काही गरज नाही, मी अवसेलेही जाईन. त्याच्यापुढं असं म्हटलं खरं. पण तो मळ्यात गेल्यावर चष्मा लावून कॅलेंडरपाशी गेले. माझ्या जायच्या दिवशी बुधवार आहे, पंचमी. जिवाला बरं वाटलं.