चँडलरच्या गल्ल्यांत लिहिलेलं नाव

चँडलर, ॲरिझोना
मे २००६

ती. श्रीरामदादा,

साष्टांग नमस्कार (गुडघा सोडून उरलेल्या सगळ्या अंगांनी). तुमचं ब्लडप्रेशर आता कसं आहे? वहिनी मीठ कमीच घालत असतील. इकडे सुवर्णा आणि जावई मजेत आहेत. मीही बरा आहे, पण तुमची बहीण हल्ली माझा फोन उचलते आणि आवाज ऐकून ठेवून देते, म्हणून सविस्तर लिहितो.

जावयाने, म्हणजे यतीनने, मला वाढदिवसाला जीपीएस दिलं. मोबाइलएवढं यंत्र. खिशात घालून चाललं की आपण गेलो त्या वाटेची रेघ त्यात उमटते. इथे काही हौशी लोक अशा रेघांनी ससे, मासे काढतात म्हणे. मी म्हटलं, लग्नाला चाळीस वर्षं होतायत, प्रतिमा नाशकात एकटी आहे, तर कॉलनीत चालून तिचं नाव लिहावं आणि चित्र पाठवावं.

कालव्याकाठची सरळ वाट ही शिरोरेखा, तिच्यापासून खाली उतरणाऱ्या गल्ल्यांत अक्षरं. 'प' झकास जमला. 'प्र'ची तिरकी रेघ मात्र एका बाईंच्या हिरवळीवरून गेली आणि त्यांनी पोलीस बोलावला.

"सर, इथे काय करताय?" त्याने विचारलं.

"बायकोचं नाव लिहितोय."

त्याने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मी यंत्र दाखवून समजावलं. तो बाईंशी बोलून आला आणि म्हणाला, "रेघ पुरी करा म्हणतायत, पण फुलांवरून नको." बाईंनी थंड पाणीही दिलं.

'ति'ची वेलांटी पूल ओलांडून गोल्फच्या मैदानातून घेतली. तिथे फवारे सुरू झाले (पळतानाही मी ती दीर्घ होऊ दिली नाही). पुढे कालव्यावर कुत्रा अंगावर आला, तेव्हा वाट सोडून एका झाडाला वळसा घातला आणि गल्लीत उतरलो. घरी पोचलो तो इतक्या आनंदात, की चित्र न बघताच यतीनला म्हटलं, सगळ्या नातेवाइकांना ई-मेल कर. त्याने केलं. तुमच्या सुनेने प्रिंट काढून प्रतिमाला नेऊन दिला.

वहिनींना नमस्कार.

आपला,
मनोहर

ता. क. : कुत्र्यामुळे शिरोरेखा नेमकी तिथे तुटली आणि झाडाभोवतीचा वळसा अक्षराच्या डोक्यावर गाठ होऊन बसला. 'मा'चा 'भा' झाला. नाशकात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रतिभाताईंच्या अळूवड्यांचं मी एकदाच, तेही भुकेपोटी, कौतुक केलं होतं. कृपा करून प्रतिमाला भेटा आणि कुत्र्याचं सांगा. तुमचं ती ऐकते.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात तिचाच फोन आला. "सुवर्णाने सांगितलं सगळं. एवढ्या उन्हात टोपी तरी घातली होतीत का?" मी हो म्हणालो. तेव्हा वरची विनंती रद्द समजा. फक्त टोपीचं तिने तुम्हाला विचारलं, तर हो म्हणा.